गिरिदुर्गांची संरक्षणक्षमता (नाशिक जिल्हा)

वेढा पडल्यावर किल्ला भांडता ठेवण्याची ताकद. नाशिक जिल्ह्यात सातमाळा, सेलबारी-डोलबारी व त्र्यंबक या रांगांवर गिरिदुर्गांची दाटी आहे. बेसाल्टचे थर झिजून उभे राहिलेले कडे हाच येथील मूळ तट. बांधीव तटबंदी बहुधा कडा तुटलेल्या जागीच दिसते. आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीवरच्या ग्रंथात (अठराव्या शतकाचा पूर्वार्ध; नेमके वर्ष वादग्रस्त) गडासाठी आधी पाणी पाहावे आणि गडाशेजारी दुसरा डोंगर नसावा, असे बजावले आहे. कातळात खोदलेली पाण्याची टाकी जवळपास प्रत्येक गडावर आढळतात.

चढायला अवघड तो गड राखायला सोपा, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. दिंडोरी तालुक्यातील आशेवाडीजवळचा रामशेज आकाराने लहान व चढायला सोपा आहे. औरंगजेबाच्या आज्ञेवरून शहाबुद्दीनखानाने १६८२ मध्ये त्याला वेढा घातला. त्याच्यानंतर बहादूरखान आला, पण बळाने गड घेणे दोघांनाही जमले नाही. १६८७ च्या सुमारास तो फितुरीने मोगलांकडे गेला, असे सामान्यतः मानतात. लोकप्रिय लेखनात हा वेढा साडेसहा वर्षांचा सांगितला जातो, पण वरील सनांवरून तो सुमारे पाच वर्षांचा ठरतो. मोगल सरदार बदलत गेले आणि मध्यंतरी वेढा उठलाही, हे लक्षात घेता तो सलग वेढा नसून झुंजीचा एकूण काळ समजणे अधिक सयुक्तिक ठरते. किल्लेदाराच्या नावाविषयी एकवाक्यता नाही. गडावर लोखंडी तोफा नसल्याने झाडांचे बुंधे पोखरून, कातडे मढवून तोफा केल्याची हकीकत खाफीखान देतो. त्याने ती काही दशकांनंतर लिहिली. पण स्वपक्षाच्या अपयशाची ही कबुली मोगल बखरकाराचीच असल्याने तिचे मोल मोठे आहे.

कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांचा हरिहर रामशेजपेक्षा कितीतरी दुर्गम. तरीही १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी अंकाई-टंकाई ही जोडगोळीही प्रतिकाराविना गेली. कारण गडावरच्या शिबंदीला (सैन्याला) रसद आणि आधार देणारी सत्ताच उरली नव्हती. पुढे अलंग, मदन, कुलंग यांसारख्या गडांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या. तेथे आजही काही टप्पे दोर लावूनच चढावे लागतात.