घसाऱ्याचे अर्धायुष्य

मार्च उजाडला की व्यापारी मंडळींना एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘यंत्र आत्ताच घेऊन टाका, घसारा मिळेल.’ जणू घसारा म्हणजे सरकारने वाटलेली खिरापत! काहींना तो यंत्राच्या बाजारभावातील उतार वाटतो, तर काहींना नव्या यंत्रासाठी बाजूला काढलेला पैसा. वस्तुतः तो यांपैकी काहीच नाही. यंत्राची किंमत खरेदीच्या वेळीच ठरून गेलेली असते. मात्र ते अनेक वर्षे राबणार असल्यामुळे तो खर्च त्या त्या वर्षाच्या नफ्यातून थोडाथोडा वजा करायचा, एवढाच घसाऱ्याचा अर्थ. ही नोंद करताना गल्ल्यातला एक रुपयाही हलत नाही. जमीन वापराने संपत नाही, म्हणून तिच्यावर घसारा नसतो.

दरवर्षी सारखीच रक्कम वजा करण्याची सरळ रेषा पद्धत सोपी, पण खरी गंमत घटत्या शिलकीच्या पद्धतीत आहे. पिठाच्या गिरणीसाठी १,००,००० रुपयांचे यंत्र घेतले आणि प्राप्तिकरातील सर्वसाधारण यंत्रांचा १५ टक्के दर लावला, तर पहिल्या वर्षी १५,००० रुपये वजा होऊन ८५,००० उरतात. दुसऱ्या वर्षी १५ टक्के या ८५,०००वर, म्हणजे १२,७५० रुपये. तिसऱ्या वर्षी १०,८३७ रुपये ५० पैसे. किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा ऱ्हास नेमक्या याच गणिताने होतो. त्यामुळे यंत्रालाही अर्धायुष्य, म्हणजे शिल्लक किंमत निम्मी होण्याचा काळ, असते : १५ टक्क्यांना सुमारे सव्वाचार वर्षे, संगणकाच्या ४० टक्क्यांना जेमतेम सोळा महिने. शिल्लक मात्र कधीच शून्य होत नाही.

हेच गणित उलटेही करता येते, म्हणजे आयुष्यावरून दर काढता येतो. कंपनी कायद्याप्रमाणे यंत्राचे आयुष्य १५ वर्षे आणि अखेरची किंमत ५ टक्के धरली, तर ०.०५ चे पंधरावे मूळ सुमारे ०.८१९ येते, ते एकातून वजा केले की १८.१ टक्के हा दर मिळतो. अखेरची किंमत शून्य धरल्यास दर १०० टक्के निघतो आणि गणितच कोसळते.

‘घसारा धरण्यापूर्वी आम्ही नफ्यात आहोत’ असा डांगोरा पिटणाऱ्या कंपन्यांना यंत्रे काही फुकट मिळालेली नसतात, हे गुंतवणूकदाराने ध्यानात ठेवावे.

राहता राहिला मार्चमधला सल्ला. खरेदीच्या वर्षी यंत्राचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, तर प्राप्तिकरात निम्माच दर लागतो; म्हणजे ३१ मार्चला सुरू केलेल्या गिरणीला त्या वर्षी साडेसात टक्केच मिळतात, आणि उरलेली किंमत पुढील वर्षांच्या हिशेबात जाते.