गाडीच्या काचेवरील रात्रीची अंतर्गत प्रतिबिंबे

रात्री गाडी चालवताना आतले दिवे, स्क्रीन, मीटर किंवा डॅशबोर्डवर ठेवलेली एखादी उजळ वस्तू पुढच्या वा बाजूच्या काचेत दिसू लागते आणि बाहेरच्या दृश्यावर तिची फिकट प्रतिमा तरंगत राहते. तिला येथे अंतर्गत प्रतिबिंब म्हटले आहे. समोरून येणाऱ्या हेडलाइटमुळे डोळे दिपणे हा वेगळा विषय आहे. तो प्रकाश बाहेरचा, दुसऱ्याच्या हातातला. अंतर्गत प्रतिबिंबाचा उगम मात्र गाडीतच असतो आणि तो जवळजवळ नेहमी शोधून बंद करता येतो. बहुतेक चालक काचेला दोष देतात, काच पुन्हापुन्हा पुसतात, तिच्यावर फिल्म लावतात. काच आपले काम करत असते, बदलायची असते ती तिच्यासमोरची वस्तू.

काच आरसा का होते

हवेतून काचेत शिरताना थोडा प्रकाश परत फिरतो. काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते याचे माप) सुमारे १.५२ असल्याने सरळ समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण ४ टक्के भाग एका पृष्ठावरून परततो आणि आतले-बाहेरचे पृष्ठ मिळून ८ टक्के. प्रकाश तिरका पडला की हे प्रमाण वाढते. ६० अंशांच्या तिरकेपणाला दोन्ही पृष्ठे मिळून ते १५ टक्क्यांच्या आसपास जाते. दिवसाही एवढाच भाग परततो, पण बाहेरचे दृश्य इतके उजळ असते की तो लक्षात येत नाही. रात्री हिशेब उलटतो. दिवसाच्या तेजावर ठेवलेली स्क्रीन प्रति चौरस मीटर ५०० कँडेला (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश देत असेल, तर काचेतली तिची प्रतिमा निदान ४० कँडेलाची होते. हेडलाइटच्या पलीकडच्या डांबरी रस्त्याचे तेज एक कँडेलाही नसते. त्या प्रतिमेमागे गडद कपड्यातला पादचारी किंवा दिवा नसलेली बैलगाडी असेल, तर डोळ्याला ती वेगळी काढता येत नाही. शहरातल्या दिव्यांखाली जे प्रतिबिंब जाणवतही नाही, ते ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात ठळक दिसते, ते याच कारणाने.

यात डोळ्याचाही वाटा आहे. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास आणि वरही वेळ लागतो आणि मध्येच छताचा दिवा लागला की बरीचशी कमाई जाते. वय वाढते तशी अंधारात बाहुली कमी उघडते आणि डोळ्यातले भिंग प्रकाश जास्त विखुरते. म्हणून मुलाला न खुपणारा सजावटीचा निळा अ‍ॅम्बियंट दिवा त्याच गाडीत वडिलांना असह्य होतो. निळा प्रकाश अंधारात पाहणाऱ्या पेशींना अधिक जाणवतो, तर गडद लाल सर्वांत कमी. विमानांच्या कॉकपिटमध्ये आणि काही मोटारींच्या मीटरमध्ये लाल-नारिंगी रंग रुळला, त्यामागे हे कारण होते.

कुठल्या काचेत काय दिसते, हे तिच्या कलावर ठरते. आजच्या मोटारीची पुढची काच बरीच निजलेली असते. चालक समोर पाहतो तेव्हा अशी काच त्याला स्वतःच्या खालचा भाग, म्हणजे डॅशबोर्डचा माथा दाखवते. जुन्या ट्रकची वा बसची काच जवळपास उभी असते, त्यामुळे तिच्यात मागची सगळी केबिन उमटते. बाजूच्या काचेची गोष्ट निराळी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि स्क्रीन डॅशबोर्डच्या मध्यावर असते. ती काचेपासून जेवढी आत, तेवढीच तिची प्रतिमा काचेच्या बाहेर उभी राहते आणि ती नेमकी उजव्या आरशाच्या आसपास येते. आरशातून मागचे पाहायला मान वळवावी आणि तिथे नकाशा दिसावा, ही तक्रार मोठ्या, वर आच्छादन नसलेल्या उभ्या स्क्रीनच्या गाड्यांत फार. चालकासमोरच्या मीटरवर पूर्वापार छज्जा असतो, तो शोभेसाठी नव्हे.

उगम हुडकणे

अंदाजाने उपाय करू नयेत. गाडी अंधाऱ्या, सुरक्षित जागी उभी करावी, हेडलाइट लावावेत, सीट नेहमीच्या उंचीवर ठेवावी आणि दहा मिनिटे तसेच बसावे. मग सोबत्याने हातात काळे कापड घेऊन एकेक वस्तू झाकत जावे : मीटर, स्क्रीन, एसीची बटणे, चार्जरचा दिवा, डॅशकॅम, मोबाइल. ज्या झाकणीबरोबर प्रतिमा नाहीशी होते, तो उगम. पुढची काच, उजवी काच, डावी काच आणि तिन्ही आरसे अशी सहा ठिकाणे प्रत्येक वेळी पाहावीत, कारण एकच स्क्रीन दोन काचांत दोन जागी दिसू शकते. काही न झाकता सगळे दिवे बंद केल्यावरही काचेवर धुरकट पडदा उरला, तर तो प्रतिबिंबाचा नसून मळाचा आहे. चाचणी उभ्या गाडीतच करावी. चालू गाडीत स्क्रीनची सेटिंग उघडून बसणे हाच मोठा धोका.

सर्वांत जास्त सापडणारे गुन्हेगार साधे असतात. डॅशबोर्डवर पडलेली टोलची पांढरी पावती, फिकट टॉवेल, अत्तराची चकचकीत बाटली, दिवा लागणारी गणपतीची छोटी मूर्ती. मूर्ती काढायची गरज नाही, तिचा दिवा तोडला की पुरे. त्यानंतर चकाकणारे डॅशबोर्ड पॉलिश. सिलिकॉनचे तुकतुकीत पॉलिश मारलेला काळा डॅशबोर्डही आरशासारखा वागतो, मग काचेत त्याची पाटी दिसते. पॉलिश लावायचेच तर मॅट फिनिशचे घ्यावे. आधीचे पॉलिश सौम्य साबणाच्या पाण्याने, ओल्या कापडाने दोन-तीनदा पुसले की बरेच निघते.

स्क्रीन, मीटर आणि वायर

पहिला उपाय तेज कमी करण्याचा. मीटरचे तेज कमी-जास्त करायला काही गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला चाकी असते, काहींत ट्रिप मीटरची दांडी फिरवावी लागते, नव्या गाड्यांत ते स्क्रीनच्या मेन्यूत असते. हेडलाइट लावून किमान तेजापर्यंत यावे आणि मीटर एका नजरेत वाचता येईल इतकेच वाढवावे. नकाशा कायम रात्रीच्या काळ्या रंगात ठेवता येतो. तो ‘आपोआप’वर ठेवला असेल, तर गाडीचे दिवे लागल्यावर बदलतो की नाही हे पाहून घ्यावे. स्क्रीन पूर्ण काळी करण्याचे बटण बहुतेक गाड्यांत असते आणि रस्ता ओळखीचा असेल तेव्हा तेच उत्तम. साब या स्वीडिश कंपनीच्या मोटारींत ‘नाइट पॅनल’ नावाचे बटण असे. ते दाबले की वेगाचा काटा सोडून बाकी सगळे मीटर काळोखात जात आणि काही इशारा द्यायचा असेल तरच उजळत. आजच्या स्क्रीनभरल्या गाड्यांत या कल्पनेची आठवण येते.

बाहेरून बसवलेला स्टिरिओ रात्री मंद होत नसेल, तर दोष सहसा वायरिंगमध्ये असतो. स्टिरिओच्या मागच्या वायरच्या गुच्छात नारिंगी (किंवा नारिंगी-पांढरी) वायर असते. ती गाडीच्या पार्किंग लाइटच्या लाइनला जोडायची असते, म्हणजे दिवे लागले की स्टिरिओला रात्र झाल्याचे कळते. लाल वायर किल्लीची, पिवळी कायमच्या १२ व्होल्टची, काळी अर्थिंगची. या तीन जोडल्या की गाणी वाजतात, त्यामुळे घाईतला फिटर नारिंगीला टेप गुंडाळून सोडून देतो. ऑटो इलेक्ट्रिशियनला नेमके हेच सांगावे. जोड फ्यूजनंतरच घ्यावा आणि नुसता पीळ देऊन सोडू नये. मीटरचे तेज कमी-जास्त करणाऱ्या लाइनवरून तो घेतला, तर काही स्टिरिओंचा गोंधळ उडतो आणि स्क्रीन फडफडते.

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून लावलेल्या एलईडी पट्ट्या पायांपाशी, सीटखाली, प्रकाश खाली पडेल अशा असतील तर चालतात. डॅशबोर्डच्या कडेने किंवा दारावर लावलेल्या पट्ट्या थेट काचेत येतात. छताच्या ५ वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी पांढऱ्या एलईडीची प्लेट बसवली की आतला उजेड कितीतरी पट वाढतो. ती फक्त दार उघडल्यावर लागेल अशा जागी स्विच ठेवावा. चार्जर, चालू असलेली बटणे यांच्या बारीक दिव्यांवर दिवा मंद करणारे काळे स्टिकर मिळतात. साधी इन्सुलेशन टेप लावू नये, विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत तिचा चिकट लगदा होतो. ऑइल, ब्रेक, एअरबॅग यांचे इशारादिवे कधीही झाकू नयेत.

स्क्रीनमधून बाजूला जाणारा प्रकाश अडवायला खासगीपणासाठी विकली जाणारी फिल्म उपयोगी पडते. तिच्यात सूक्ष्म उभ्या पट्ट्या असतात, त्यामुळे तिरका प्रकाश अडतो आणि उजव्या काचेतली प्रतिमा खूप फिकी होते. मात्र चालकही स्क्रीनकडे तिरकाच पाहतो. म्हणून आधी तुकडा नुसता धरून पाहावा, चिकटवण्याची घाई करू नये. मॅट स्क्रीनगार्डने हे काम होत नाही, तो फक्त स्क्रीनवर पडणारी चकाकी कमी करतो. काळ्या फोमचा ३ ते ५ सेंटीमीटरचा छज्जा स्क्रीनच्या उजव्या आणि वरच्या कडेला लावणे हा स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा इलाज. डॅशबोर्डवर काळी, लोकरीसारखी मॅट घालायची असेल, तर डाव्या बाजूची एअरबॅग उघडते तो भाग कापून मोकळा ठेवावा.

मागच्या सीटवर मुलांच्या हातात टॅब असेल, तर तो आतल्या आरशात आणि उभ्या काचेच्या गाडीत पुढेही दिसतो. मुलाला चालकाच्या थेट मागे बसवावे, टॅब मांडीवर खाली धरायला सांगावा. वाद टळतो आणि गोष्टही पूर्ण होते.

काच पुसणे

नव्या गाडीच्या काचेवर आतून तेलकट थर येतो. उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून निघणारे पदार्थ थंड काचेवर बसतात, सिगारेटचा धूर त्यात भर घालतो. हा थर प्रतिबिंब निर्माण करत नाही, पण आतला-बाहेरचा प्रत्येक प्रकाश विखुरतो आणि पावसाळ्यात त्यावर बाष्पही लवकर धरते. गाडी सावलीत, काच थंड असताना पुसावी. डॅशबोर्डवर जुना पंचा पसरावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेऊन ते काचेवर नव्हे, मायक्रोफायबर कापडावर मारावे. पहिल्या कापडाने मळ सोडवावा, ओल असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलावा. आतून आडवे आणि बाहेरून उभे हात फिरवले की उरलेला ओघळ कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळते. खालचा कोपरा हात पोचत नाही म्हणून सुटतो आणि रात्री तोच चमकतो. तिथे कापड तळहाताच्या मागच्या बाजूवर ताणून धरावे. कापड धुताना सुगंधी सॉफ्टनर घातला असेल, तर तोच काचेवर रेघा ओढतो. अमोनिया असलेला क्लीनर फिल्मवर आणि स्क्रीनवर वापरू नये. वर्तमानपत्राने काच लख्ख होते हे खरे, पण शाई फिकट अस्तरावर उतरते.

जे उपाय उलटतात

काळी फिल्म हा सर्वांत फसवा उपाय. परतणाऱ्या प्रकाशाचा निदान निम्मा भाग काचेच्या आतल्या पृष्ठावरूनच येतो, त्यामुळे फिल्मने प्रतिबिंब फारसे कमी होत नाही. बाहेरचे दृश्य मात्र काळवंडते, म्हणजे प्रतिमा तुलनेने अधिक ठळक होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मविरुद्ध आदेशही दिला होता. दिवसा डॅशबोर्डची चमक घालवणारा ध्रुवीकृत (पोलराइज्ड) गॉगल रात्री निम्म्याहून अधिक प्रकाश खातो. डॅशकॅमवरचा तशाच प्रकारचा फिल्टरही अंधार पडल्यावर काढलेला बरा, नाहीतर नंबरप्लेट वाचता येत नाही. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे सर्रास विकले जातात. २०१९ मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी रात्री पादचारी दिसण्यात सुधारणा झाल्याचे आढळले नाही. नंबरचा चष्मा असेल, तर त्याच्या काचांवर परावर्तनरोधी लेप घेणे खरोखर उपयोगी आहे. मागून-बाजूने येणारा प्रकाश चष्म्याच्या आतल्या पृष्ठावरून डोळ्यात येतो, तो लेपामुळे बराच कमी होतो.

बस, रेल्वे, जहाज

प्रवासी वाहनांत आतला उजेड टाळता येत नाही आणि बसची काच उभी, म्हणून चालकाच्या मागे पार्टिशन किंवा गडद पडदा लागतो. रात्रभर चालणाऱ्या एसटीच्या ‘रातराणी’सारख्या गाडीत पुढचे दिवे मालवण्याची गरज असते ती प्रवाशांच्या झोपेइतकीच ड्रायव्हरच्या नजरेसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या बस-रचनेविषयीच्या नियम क्रमांक १०७ मध्ये चालकाला आतल्या दिव्यांच्या चकाकीपासून आणि प्रतिबिंबापासून संरक्षण देण्याची स्पष्ट अट आहे. जपानमध्ये लोकल गाडीच्या चालकामागच्या काचेवर रात्री पडदा ओढतात. हौशी प्रवाशांना पुढचे रूळ पाहता येत नाहीत, पण डब्याचा उजेड पुढच्या काचेत उतरत नाही.

जहाजांनी प्रश्न भूमितीने सोडवला. ‘सोलास’ या जहाजांच्या सुरक्षेविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातील नियम २२ प्रमाणे ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या, पुढच्या खिडक्या वरच्या बाजूला बाहेर झुकलेल्या असाव्या लागतात, उभ्या रेषेपासून १० ते २५ अंश. अशी काच पाहणाऱ्याला मागची उपकरणे दाखवत नाही, छत दाखवते, आणि छत गडद ठेवता येते. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यांच्या काचा याच कारणाने बाहेर कललेल्या असतात. मोटारीला हवा कापायची असल्याने तिची काच मागेच कलावी लागते, त्यामुळे तिथे छताऐवजी डॅशबोर्डचा माथा काळा आणि मोकळा ठेवावा लागतो.