५१ पेगासी : सव्वाचार दिवसांचे वर्ष

महाश्व तारकासमूहातला मोठा चौकोन ओळखता येत असेल, तर हा तारा शोधायला फार कष्ट पडत नाहीत. चौकोनाच्या पश्चिम बाजूचे दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा नक्षत्र. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्याजवळ, थोडा बाहेरच्या अंगाला, ५१ पेगासी आहे. सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्याच जातकुळीचा आणि अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये इथेच सापडला; ही त्या शोधाची कथा.

दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह असल्याचे दावे जुनेच. १८५५ मध्ये मद्रास वेधशाळेतल्या कॅप्टन जेकब यांनी ७० ऑफियुची या जोडताऱ्याच्या कक्षेतल्या गडबडीमागे ग्रह असावा, असे सुचवले. पुढे १९६३ मध्ये पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. त्यांना दिसलेले ताऱ्याचे ‘डुलणे’ दुर्बिणीतल्या दुरुस्त्यांमुळे आलेले निघाले. त्यामुळे ग्रहशोध हा विषय काहीसा बदनामच झाला होता.

या कथेतली सर्वांत चुटपुट लावणारी तारीख मात्र १९५२ आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तारासुद्धा किंचित डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा मागेपुढे सरकतात; त्यावरून ताऱ्याचा वेग मोजता येतो. गुरूमुळे सूर्य सेकंदाला फक्त साडेबारा मीटर वेगाने डुलतो, तोही बारा वर्षांच्या लयीत. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्ये एका छोट्या लेखात विचारले, की गुरूएवढा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून, एका दिवसात फेरी मारत का नसावा? असा ग्रह तर तेव्हाच्या उपकरणांच्याही आवाक्यात येऊ शकला असता. कुणी मनावर घेतले नाही. आपल्या सूर्यमालेत महाकाय ग्रह लांब आहेत, म्हणजे सगळीकडे तसेच असणार, हे गृहीत धरले गेले.

मग सगळे बारा वर्षांची लय शोधत बसले. कॅनडातल्या गटाने २१ तारे एका तपभर न्याहाळले आणि १९९५ मध्ये गुरूसारखे काही आढळले नाही, असे प्रसिद्ध केले. ५१ पेगासी त्यांच्या यादीत नव्हता. असता, तर आजचा इतिहास वेगळा झाला असता. मधल्या काळात, १९९२ मध्ये, एका पल्सारभोवती ग्रह सापडले होते खरे; पण पल्सार म्हणजे ताऱ्याचा मृत अवशेष.

जिनिव्हा विद्यापीठाचे मिशेल मायोर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए केलॉझ यांनी १९९४ मध्ये फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून १४२ तारे पाहायला सुरुवात केली. ५१ पेगासीचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटरने वरखाली होत होता, दर ४.२३ दिवसांनी. केलॉझना आधी उपकरणातच खोट वाटली. तारा काही महिने सूर्याआड गेला. जुलै १९९५ मध्ये तो पुन्हा दिसला, तेव्हा डुलणे भाकितानुसारच निघाले. ६ ऑक्टोबरला फ्लॉरेन्समध्ये घोषणा झाली आणि काही दिवसांतच अमेरिकेतल्या मार्सी आणि बटलर यांनी लिक वेधशाळेतून दुजोरा दिला. गंमत अशी, की या दोघांकडे १९८७ पासूनची निरीक्षणे होती. ती नव्याने चाळल्यावर त्यांनी जानेवारी १९९६ मध्ये आणखी दोन ग्रह जाहीर केले.

ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या किमान निम्मे, ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी–सूर्य अंतराच्या विसाव्या भागाएवढे, तापमान हजार अंशांच्या घरात. इतक्या जवळ तो तयार होणे कठीण. म्हणून तो दूर जन्मून आत सरकला असावा, ही १९८० पासून कागदावर असलेली कल्पना अचानक कामाला आली.

शंकाही आल्या. १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी म्हटले, की ग्रह नाहीच, ताऱ्याचा पृष्ठभागच स्पंदन पावतो आहे. पुढच्या वर्षी नव्या निरीक्षणांनंतर त्यांनी ते मागे घेतले. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून असाच एक ग्रह सरकताना ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याने मंदावलेला मोजला गेला. त्यानंतर असे ग्रह खरेच असतात का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.