थंड मेघांतले रेणू: अशक्य वाटणाऱ्या रसायनाची पार्श्वभूमी

ताऱ्यांच्या मधल्या गडद मेघांत तापमान १० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस असते. घनता एका घन सेंटीमीटरला साधारण दहा हजार रेणू इतकी. आपल्या भोवतालची हवा याहून लाखो अब्ज पट दाट आहे. रसायनशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने अशा जागी काहीच घडायला नको. अणूंची गाठ क्वचित पडते, आणि पडली तरी बहुतेक अभिक्रियांना लागणारी सुरुवातीची ऊर्जा या थंडीत मिळत नाही. तरीही आज अवकाशात तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेले आहेत आणि त्यांतले कितीतरी याच मेघांत सापडले. हे कोडे सुटायला बराच काळ लागला, आणि बहुतेक टप्प्यांवर निरीक्षण पुढे धावले, सिद्धांत मागून आला.

मुळात हे मेघ आहेत हेच आधी पटायला हवे होते. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला अठराव्या शतकात ताऱ्यांच्या गर्दीत जे काळे पट्टे दिसले, ते त्याला आकाशातली भोके वाटले होते. १९१९ मध्ये एडवर्ड बर्नार्डने अशा १८२ काळ्या आकृत्यांची यादी छापली. त्या रिकाम्या जागा नसून मागचा प्रकाश अडवणारी धूळ आहे, ही समजूत त्यानंतरच्या काळात पक्की झाली. रसायनाच्या दृष्टीने ही धूळ दोनदा कामाची. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश रेणू फोडतो. धूळ तो अडवते. दुसरा उपयोग पुढे येईल.

पहिले रेणू मात्र या काळ्या मेघांत नव्हे, विरळ वायूत सापडले. १९३७ ते १९४१ या काळात दूरच्या ताऱ्यांच्या वर्णपटांतल्या काही बारीक रेषा कार्बन-हायड्रोजनच्या जोडीच्या, तिच्या आयनाच्या (म्हणजे विद्युतभारित रूपाच्या) आणि सायनोजेनच्या (कार्बन-नायट्रोजनच्या जोडीच्या) आहेत हे ओळखले गेले. १९४१ मध्येच अँड्र्यू मॅकेलरने सायनोजेनच्या रेषांवरून तिथले तापमान २.३ केल्विन काढले होते. विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा, म्हणजे महास्फोटातून उरलेल्या आणि सगळ्या आकाशात भरून राहिलेल्या क्षीण प्रारणाचा, शोध १९६५ मध्ये जाहीर झाल्यावर त्या आकड्याचा खरा अर्थ कळला. इतके मोठे रहस्य वीस-पंचवीस वर्षे एका साध्या आकड्यात पडून होते, हे मला आजही विलक्षण वाटते.

धुळीच्या आत डोकावायला रेडिओ लहरी लागल्या. १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल, १९६८ मध्ये अमोनिया, १९६९ मध्ये पाणी आणि फॉर्माल्डिहाइड, १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइड असा ओघ सुरू झाला. फॉर्माल्डिहाइडने विशेष खळबळ उडवली, कारण चार अणूंचा सेंद्रिय रेणू अवकाशात टिकेल असे फारसे कोणी धरले नव्हते.

१९७० मध्येच डेव्हिड बुल आणि लुईस स्नायडर यांना ८९.२ गिगाहर्ट्झच्या जवळ एक ठळक रेषा मिळाली. ती कुठल्याच माहीत रेणूशी जुळेना, म्हणून तिला तात्पुरते 'एक्सोजेन' म्हटले गेले. रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्लेम्पररने सुचवले की हा हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनच्या एकेका अणूचा धनभारित रेणू असावा. तोवर प्रयोगशाळेत त्याचा रेडिओ वर्णपट कोणी मोजलेला नव्हता. १९७५ मध्ये विद्युत-विसर्जनात (वायूतून वीज सोडून) तो आयन तयार करून त्याची वारंवारता मोजली गेली, आणि ती आकाशातल्या रेषेशी जुळली. या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे पान माझ्या मते हेच, कारण त्या एका रेषेत थंड मेघांच्या रसायनाची किल्ली होती.

किल्ली अशी. आयन जवळ आला की त्याच्या विद्युतभारामुळे शेजारच्या उदासीन रेणूतले भार किंचित सरकतात आणि तो ओढला जातो. अशा अनेक अभिक्रियांत ऊर्जेचा उंबरठाच नसतो. थंडीने त्या मंदावत नाहीत. १९७३ मध्ये एरिक हर्ब्स्ट व क्लेम्परर यांनी, आणि स्वतंत्रपणे विल्यम वॉटसनने, यावर मेघांचे रसायन उभे केले. आयन येतात कुठून? जिथे प्रकाश पोहोचत नाही तिथे वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने धावणारे भारित कण, पोहोचतात. एखाद्या विशिष्ट हायड्रोजन रेणूवर असा आघात अब्जावधी वर्षांत एकदाच व्हायचा, पण रेणू इतके असंख्य आहेत की तेवढे पुरते. आघात झालेला रेणू दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भिडून तीन हायड्रोजनचा आयन बनतो, आणि तो आपला प्रोटॉन जवळपास सगळ्यांना देत सुटतो. कार्बन मोनॉक्साइडला दिला की एक्सोजेन तयार. ऑक्सिजनला दिला की पाण्याकडे जाणारी साखळी सुरू होते. हा तीन हायड्रोजनचा आयन जे. जे. थॉमसनला १९११ मध्येच प्रयोगशाळेत सापडला होता; आंतरतारकीय मेघांत तो टॉम गेबाल आणि ताकेशी ओका यांना १९९६ मध्ये दिसला.

पण या साखळीला आधी हायड्रोजनचा रेणू हवा, आणि दोन हायड्रोजन अणू वायूत नुसते भिडून जुळत नाहीत. जुळताना सुटणारी ऊर्जा बाहेर टाकता आली नाही तर ते लगेच विलग होतात. इथे धुळीचा दुसरा उपयोग: तिच्या कणावर अणू भेटतात आणि जास्तीची ऊर्जा कण शोषतो. १९६३ मध्ये गूल्ड आणि सालपीटर यांनी हा मार्ग मांडला.

पुढे मेथॅनॉलनेही (सर्वांत साध्या अल्कोहोलने) धुळीकडेच बोट दाखवले. ज्या आयनापासून ते वायूत बनेल असे मानले होते, त्याचा इलेक्ट्रॉनशी संयोग झाल्यावर जेमतेम ३ टक्के वेळा मेथॅनॉल उरते, असे २००६ च्या प्रयोगात दिसले. उलट जपानमध्ये वातानाबे आणि कोउची यांनी २००२ मध्ये १० केल्विनच्या, धूलिकणांवर साचतो तशा कार्बन मोनॉक्साइड असलेल्या बर्फावर हायड्रोजनचे अणू सोडले, तर फॉर्माल्डिहाइड आणि मेथॅनॉल दोन्ही तयार झाले. हलका हायड्रोजन ऊर्जेचा उंबरठा न ओलांडता क्वांटम सुरंगनाने, म्हणजे जणू त्यातून आरपार जाऊन, पलीकडे पोहोचतो. मग इतक्या थंडीत हे रेणू बर्फातून सुटतात कसे? यातला एक धागा प्रसाद आणि तरफदार यांनी १९८३ मध्ये दिला होता: वैश्विक किरणांनी उडालेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनला उत्तेजित करतात आणि गडद मेघाच्या पोटातच अतिनील प्रकाश निर्माण होतो; तो बर्फातले रेणू सोडवू शकतो. शिवाय अभिक्रियेत सुटलेली ऊर्जा कधीकधी नव्या रेणूलाच कणावरून उडवून देते.

सध्याचा वाद कार्बन अणूंच्या वलयांचा आहे. वृषभ राशीतल्या टीएमसी-१ या थंड मेघात २०१८ मध्ये एका वलयाचे बेंझोनायट्राइल आणि २०२४ मध्ये चार वलयांचे सायनोपायरीन सापडले. एवढे मोठे कार्बनी सांगाडे त्या थंडीतच लहान तुकड्यांपासून बांधले जातात, की मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या उष्ण वायूत घडून मेघ तयार होताना आत येतात, यावर दोन्ही बाजू आपापली गणिते मांडत आहेत.