मोटार गेली का स्विच गेला? गाडीची काच वर येईना झाली की आधी एवढं बघा

गेल्या पावसाळ्यात रंकाळ्यावर गाडी लावली, कणीस घ्यायला मागच्या डाव्या दाराची काच खाली घेतली आणि नंतर ती वरच येईना. मागच्या दाराचं बटण दाबलं, ड्रायव्हरच्या दारावरचं दाबलं, दोन्हीकडनं काही नाही. पाऊस आपला कोल्हापुरी, थांबायचं नाव नाही, शेवटी आईनं गाडीतच छत्री उघडली आणि कणीस खात खात घरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं दाराचा पॅड (आतलं कव्हर) काढला, टेस्ट लॅम्पची, म्हणजे करंट बघायच्या बल्बची, क्लिप बॉडीला लावली, सुई मोटारीच्या कपलरमधे (वायरी जोडायच्या प्लगमधे) घातली आणि मला बटण वर ओढायला सांगितलं. बल्ब लागला. "बघा, करंट येतोय आणि काच हलत नाही, म्हणजे मोटार गेली." मला पटलं, कुणालाही पटेल. तरी नवीन मोटार घ्यायच्या आधी दाजींना फोन केला, ते उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचीच कामं करतात.

"दाजी, मोटार गेली म्हणत्यात."

"खाली जाते न्हवं?"

"आता खालीच आहे की. खालचं बटण दाबलं की दारात टक् वाजतंय."

"मग मोटार कशानं गेली? घेऊन ये गाडी."

आता हे 'कशानं गेली' जरा नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. काचेची मोटार साधी १२ व्होल्टची डीसी मोटार असते आणि तिला दोनच वायरी जातात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे गाडीची बॉडी, बॅटरीचा मायनस) दिला की काच वर, उलटं केलं की खाली. वर जायची वेगळी मोटार नसते, वायरीपण त्याच दोन. मग खालचं बटण दाबल्यावर मोटार जोर लावत असेल (ते टक् त्याचंच) तर तिचे कार्बन (आत करंट पोचवणारे घासते तुकडे), वायंडिंग, कपलर सगळं ठीकच आहे. एकाच बाजूला एकदम गप्प होणारी मोटार जवळपास नसतेच, तो उद्योग स्विचचा नाहीतर वायरीचा.

पण मग दोन्ही बटणांवरनं काच वर येत नव्हती ती का? दोन स्विच एकाच वेळी कसे जातील, म्हणून तर सगळे मोटारीवर येतात. तर बऱ्याच साध्या गाड्यांत, म्हणजे जिथं स्विचमधनंच मोटारीचा करंट जातो तिथं, मागच्या दाराच्या स्विचला स्वतःचा अर्थच नसतो. बटण सोडलेलं असताना मोटारीच्या दोन्ही वायरी मागच्या स्विचमधनं पुढं ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधे येतात आणि तिथं अर्थला टेकलेल्या असतात. मागचं बटण वर ओढलं की एका वायरीला प्लस मिळतो, पण करंट परत जाणार दुसऱ्या वायरीनं आणि मास्टर स्विचमधल्या त्या गप्प बसलेल्या पॉइंटमधनंच (जिथं पत्र्याला पत्रा टेकून करंट जातो तो). तो एक पॉइंट खराब झाला की मागनं ओढा नाहीतर पुढनं ओढा, काच वर येणार नाही, आणि खाली मात्र बिनबोभाट जाणार.

गॅरेजवाल्याचं चुकलं ते पण इथंच. त्यानं क्लिप बॉडीला लावली, म्हणजे अर्थ त्यानं स्वतःच आणून दिला आणि बल्ब लागला. मोटारीला मात्र तो अर्थ मिळतच नव्हता. दाजींनी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घेतला, कपलर काढून त्याच्या दोन पिनांमधेच जोडला, बॉडीला हात नाही. खालचं बटण दाबलं, बल्ब लख्ख. वरचं ओढलं, अंधार. संपला विषय. दोन्ही बाजूला लख्ख लागून मोटार हलली नसती तर मग खुशाल मोटार बदलायची.

मल्टिमीटर का नको असं विचारलं तर म्हणाले, तो फसवतो. पॉइंट काळा पडलेला असला तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतात कारण मीटर करंट ओढतच नाही. नळाच्या तोंडाला अंगठा दाबून धरला की प्रेशर लई वाटतो, बादली खाली ठेवल्यावर कळतं पाणी किती आलंय ते. बल्ब म्हणजे ती बादली.

मग त्यांनी मोटारीला बॅटरीवरनं दोन वायरी दिल्या, मधे फ्यूज घालून, आणि काच झर्रकन वर. (बोटं लांब ठेवा, ती थांबत नाही.)

खरोखर मोटार जाते तेव्हा ती अशी एका रात्रीत आणि एका बाजूनं सहसा जात नाही. आधी काही महिने काच दोन्हीकडं हळू चालते, कण्हते, मधेच थांबते. दारावर बुक्की घातली की चालते, म्हणजे कार्बन झिजलेत. चार-पाच वेळा वरखाली केल्यावर बंद पडते आणि थोड्या वेळानं आपोआप चालू होते, म्हणजे आतला थर्मल कटआउट (तापल्यावर करंट तोडणारा) पडतोय. अशा वेळी पण लगेच मोटारीवर ढकलू नका, काचेच्या चॅनेलचा रबर वाळून घट्ट झाला तरी हेच होतं, मोटार बिचारी ओढून ओढून तापते. रबरावर सिलिकॉन स्प्रे मारून बघा, इंजिन ऑइल नको, रबर फुगतो. आणि आतनं घर्रर्र आवाज येतोय पण काच जाग्यावर किंवा तिरकी, तर काच वरखाली ओढणाऱ्या मशीनचा दोर नाहीतर प्लास्टिकचा रोलर गेला, त्यात इलेक्ट्रिकल काही नाही.

पॅड न काढता बघायचं असेल तर रात्री इंजिन बंद, चावी ऑन, छताची लाइट लावा आणि बटण दाबा. लाइट जराशी मंद झाली तर करंट जातोय, म्हणजे काच अडकलीय किंवा मोटार जाम आहे. एकाच बाजूला मंद होत नसेल तर स्विच-वायर. दोन्ही बाजूंना काहीच फरक नाही तर आधी फ्यूज आणि ड्रायव्हरकडचं लॉकचं बटण बघा (हसू नका, पोरं दाबून ठेवतात), मग कार्बन. दार आणि खांबाच्या मधे जो रबरी पाईप असतो त्यातली वायर तुटली तरी लक्षणं सेम स्विचसारखी दिसतात, म्हणून एकानं बटण धरायचं आणि दुसऱ्यानं दार उघडझाप करायचं, मधेच काच हलली तर वायर.

नव्या गाड्यांत हा हिशोब पूर्ण लागू पडत नाही, तिथं बटण फक्त सिग्नल देतं आणि मोटार चालवतो दारातला नाहीतर डॅशबोर्डमधला कंट्रोलर, तो एका बाजूनं पण जाऊ शकतो. आणि बॅटरी काढून लावल्यावर ऑटो-अप (एकदा ओढलं की काच आपोआप पूर्ण वर जाणं) बंद झालं तर काहीच बिघडलेलं नसतं, बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद ओढून धरलं की ते परत शिकतं.

आमचा मास्टर स्विच दाजींनी टेबलावर उघडला तर आत सगळं गुलाबी. चैत्रात जोतिबाला गेलो होतो, गुलालानं माखलेल्या हातानंच काचा वरखाली केल्या, मग पावसाचं पाणी लागलं आणि गुलालाची खीर होऊन बरोबर त्या एका पॉइंटवर बसली होती. कॉन्टॅक्ट क्लिनर मारला, पॉइंट कापडानं पुसला, पॉलिश पेपर मात्र घासू दिला नाही, वरचा मुलामा जातो म्हणाले.