गरिबाला विकणं वेगळं, गरिबानं कमावणं वेगळं

एमबीएच्या वर्गात ‘कमी उत्पन्नाची बाजारपेठ’ हा विषय निघाला, की शाम्पूची पुडी आणि लिज्जत पापड हमखास एकाच स्लाइडवर येतात. दोन्हीकडे हातावर पोट असलेली माणसं आहेत, दोन्हीकडे धंदा चालतोय, मग मुलं दोन्ही एकाच माळेत ओवतात. पण पुडीच्या व्यवहारात गरीब घर गिऱ्हाईक असतं आणि पापडाच्या व्यवहारात उत्पादक. एकात पैसा घरातून बाहेर जातो, दुसऱ्यात घरात येतो. शिकवताना आधी हे दोन उलटे बाण फळ्यावर काढून घ्यावेत.

गिऱ्हाईकवाल्या विचाराचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक सी. के. प्रल्हाद. त्यांनी आणि ॲलन हॅमंड यांनी २००२ मध्ये मुंबईतल्याच दोन ठिकाणांचे भाव शेजारी शेजारी मांडले होते: धारावीची झोपडपट्टी आणि श्रीमंतांचा वॉर्डन रोड. तांदूळ धारावीत १.२ पट महाग, जुलाब थांबवणारं औषध १० पट, पालिकेच्या दर्जाचं पाणी तर ३७ पट. दक्षिण मुंबईत वाढलेल्या मुलांना हे आकडे आधी खरेच वाटत नाहीत. प्रल्हाद यांचं म्हणणं असं, की गरीब असण्याचा हा भुर्दंड आहे. मोठ्या कंपन्यांनी तिथे उतरावं, नफा कमवावा आणि त्या ओघात भावही खाली आणावेत. यात दानधर्म कुठेच नाही.

मग पुडी म्हणजे गरिबाची लूट का? निम्मा वर्ग ‘हो’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी मुलांना सरळ किराण्याच्या दुकानात पाठवावं. दाराशी टांगलेल्या माळेतली एक पुडी तोडून घ्यायची, पाठीवरचे मिलिलिटर वाचायचे, पुडीच्या किमतीला त्यानं भागायचं आणि बाटलीचा तसाच हिशेब शेजारी मांडायचा. आपल्याकडे शाम्पूची पुडी मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा बरेचदा स्वस्तच पडते. शिवाय रोजंदारीवरच्या घराला दीड-दोनशे रुपये बाटलीत अडकवून ठेवणं जमत नाही, दोन रुपये जमतात. म्हणजे भावाच्या अंगानं पुडीवर फारसा आरोप टिकत नाही.

आरोप टिकतो तो पुडी फाडल्यानंतर. कचरा वेचणाऱ्या बाईचं पोतं भंगारवाल्याकडे उघडताना एकदा पाहावं. पाण्याची बाटली वेगळी निघते, दुधाची पिशवी वेगळी निघते, कारण दोन्हींना किलोवर भाव आहे. पुडी पोत्यात सहसा नसतेच. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेलं ते प्लॅस्टिक सुटं करणं परवडत नाही, आणि किलोभर जमवायला वाकायचं किती वेळा! ती जाते गटारात. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत २०२२ साली वेष्टनांचे वर्ग पाडून त्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण तुंबलेल्या गटाराचं पाणी ज्या खोलीत शिरतं ती खोली बहुधा पुडी विकत घेणाऱ्याचीच असते. टिकाऊ विकास आणि गरिबांची बाजारपेठ हे दोन वेगळे पेपर करून शिकवले, की नेमकं हेच सुटतं.

पापडाचा हिशेब उलटा. प्रल्हाद यांच्याच मिशिगन विद्यापीठातले अनील करनानी यांनी २००७ मध्ये त्यांना विरोध करताना हाच मुद्दा धरला: गरिबाला काय विकता येईल हे सोडा, त्याच्याकडून काय विकत घेता येईल ते बघा, त्याची मिळकत वाढवा. लिज्जत तर त्याच्या कितीतरी आधीची. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. आज ४० हजारांहून जास्त बायका सभासद आहेत. सकाळी केंद्रावर जाऊन मळलेलं पीठ वजन करून घ्यायचं, घरी लाटायचं, वाळवून परत आणून द्यायचं, वजनावर लाटणावळ घ्यायची. सभासदच मालक, नफ्यात वाटा त्यांचाच. आणि खाणारा? तो मलबार हिलवरचाही असतो. म्हणजे गरिबाच्या खिशाला हात न लावता उभा राहिलेला हा धंदा आहे. मला हा धडा जास्त मोलाचा वाटतो, जरी केस स्टडी म्हणून पुडी अधिक चटपटीत असली तरी.

अर्थात इथेही फुकट काही नाही. लाटायला जागा घरातली, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती जागा म्हणजे मुलांच्या अभ्यासाचीच. वाळवायला ऊन लागतं, ते मुंबईत चार महिने गायब. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. विद्यार्थ्यांनी तो मांडून दाखवावा.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च, पुडी आणि पापड या दोन्हींत घुसडू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायला लावला आहे, पण कंपनीचा नेहमीचा धंदा त्यात धरत नाहीत. विषय संपला.

खरी पंचाईत हिंदुस्थान युनिलिव्हरच्या ‘शक्ती’ योजनेची. गावातली बाई कंपनीचा माल घेते आणि शेजारपाजारी विकते. कमावतेही गरीब, विकत घेणारेही बहुतेक गरीब. इथे फळ्यावरचे दोन्ही बाण एकाच गावात दिसतात. विद्यार्थ्यांनी मग तीन गोष्टी विचाराव्यात: माल उचलायला पैसे कुणाचे, न खपलेला माल कुणाच्या घरात पडून राहतो, आणि महिनाअखेरीला त्या बाईच्या हातात निव्वळ उरतं किती.