स्टेट नॉमिनेशन घेतलं म्हणजे त्याच राज्यात राहावं लागतं का? १९०, ४९१ आणि कॅनडाचं पीएनपी

गोव्यात सरकारी नोकरीचा फॉर्म ज्याने भरलाय त्याला १५ वर्षांचा रहिवासी दाखला काय चीज आहे ते माहीत असतंच. मामलेदाराच्या ऑफिसात फेऱ्या मारायच्या, वीजबिलं दाखवायची, शाळेचा दाखला दाखवायचा, की बाबा इतकी वर्षं आम्ही इथेच आहोत. म्हणजे मामलेदार मागचा हिशोब विचारतो. ऑस्ट्रेलिया-कॅनडात एखाद्या राज्याने तुम्हाला स्पॉन्सर केलं की मामला नेमका उलटा, ते पुढचा हिशोब विचारतात, आता आलास ना, तर आमच्याकडे राहणार किती वर्षं ते सांग.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझी भाची. नर्स आहे, म्हापशाला असते, परवा रात्री फोन, "मामा, टास्मानियाने नॉमिनेट केलं आणि मी राहायला मेलबर्नला मैत्रिणीकडे गेले तर चालतं मां?" म्हटलं बाय, आधी सांग व्हिसाचा नंबर कुठला. तर तिला नंबरच माहीत नाही, एजंटाने नुसतं "स्टेट स्पॉन्सरशिप" सांगितलंय. आणि हीच गडबड सगळ्यांची होते. माझा धाकटा भाऊ ॲडलेडला आहे, तो ४९१ वर गेला आणि आता पर्मनंट झाला, त्यामुळे फोंड्यातले अर्धे लोक मलाच विचारतात. मी एजंट नाही, पण भावाची फाइल मीच लावलेली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

१९० आणि ४९१ हे ऑस्ट्रेलियाच्या राज्य-नॉमिनेशनच्या व्हिसांचे नंबर, आणि पीएनपी म्हणजे कॅनडात प्रांताने नॉमिनेट करायची योजना. तर थोडक्यात, १९० मध्ये राहायचं ते वचन आहे, ४९१ मध्ये ती अट आहे, आणि कॅनडाच्या पीएनपीत तो इरादा आहे. तिन्ही वेगळं.

१९० आधी. हा पहिल्या दिवसापासून पर्मनंट व्हिसा. वय आमंत्रण येताना ४५ च्या आत, पात्रतेचे पॉइंट किमान ६५, तुमचा धंदा लिस्टमध्ये पाहिजे, स्किल असेसमेंट म्हणजे तुमच्या कामाच्या पात्रतेची तपासणी पॉझिटिव्ह पाहिजे, इंग्रजीची परीक्षा. राज्याने नॉमिनेट केलं की ५ पॉइंट मिळतात. त्याबदल्यात राज्य तुमच्याकडून लिहून घेतं की मी २ वर्षं तुमच्याकडेच राहीन आणि काम करीन. आता गंमत बघा, हे राज्यासोबतचं वचन आहे, व्हिसाच्या ग्रँट लेटरवर, म्हणजे मंजुरीच्या पत्रावर, तशी अट छापलेली नसते. म्हणून लोक सांगतात की काही होत नाही, बिनधास्त सिडनीला जा. मला हे पटत नाही. एक तर अर्जात राहणार म्हणून सांगितलं आणि मनात पहिल्यापासून दुसरंच होतं असं दिसलं तर ते खोटी माहिती दिल्यात जमा होऊ शकतं, आणि खोट्या माहितीवर व्हिसा रद्द करायचा अधिकार कायद्यात आहे. आणि दुसरं, सहा-सहा महिने शोधूनही काम मिळालं नाही असं खरंच झालं तर राज्याच्या मायग्रेशन ऑफिसला ईमेल करायची सोय असते, कुठे कुठे अर्ज केले त्याची यादी लावायची, आणि आम्हाला मोकळं करा म्हणून विचारायचं. तोंडी नाही, लेखी. उत्तर आलं की ते पीडीएफ जपून ठेवायचं.

आता ४९१, यावर जरा वेळ घालवूया कारण आमच्याकडचे जास्त लोक यातूनच जातात. हा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, ५ वर्षांचा प्रोव्हिजनल व्हिसा, पर्मनंट नाही. पॉइंट एकदम १५ मिळतात म्हणून ज्यांचं गाडं ५०-५५ वर अडकलेलं असतं त्यांना हाच रस्ता. पण याच्या ग्रँट लेटरमध्ये कंडिशन ८५७९ असते. ती म्हणते की ऑस्ट्रेलियात असताना राहणं, काम करणं आणि शिकणं हे तिन्ही फक्त ठरवलेल्या रीजनल भागातच. ही अट मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, इथे वचनबिचन काही नाही.

रीजनल म्हटल्यावर इथल्या माणसाच्या डोळ्यासमोर एकदम सत्तरीच्या पलीकडचं रान येतं, तसं नाहीये ते. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन मोठी शहरं सोडून बाकी जवळजवळ सगळं रीजनल. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वॉलोंगाँग, जिलाँग, सगळी त्यात येतात. यादी पोस्टकोडवर चालते, म्हणजे आमच्या पिनकोडसारखं, त्यामुळे भाड्याचं घर बघताना आधी पोस्टकोड तपासायचा, मग किचन कसंय ते बघायचं. ऑफिसचाही पोस्टकोड तपासायचा हां. घर रीजनलमध्ये आणि रोज ट्रेनने सिडनीत कामाला, हे चालत नाही, कारण अट राहण्याची आणि कामाची दोन्हीची आहे. फिरायला, चार दिवस मित्राकडे, तेवढं चालतं.

आणि एक बारकावा जो खूप जण चुकतात. कंडिशन ८५७९ सांगते रीजनल भागात राहा, ती असं म्हणत नाही की नॉमिनेट करणाऱ्याच राज्यात राहा. पण राज्य नॉमिनेशन देताना स्वतःच्या हद्दीत राहायचं वेगळं लिहून घेतं. म्हणजे ४९१ वाल्याच्या डोक्यावर दोन गोष्टी, केंद्राची अट आणि राज्याला दिलेला शब्द. टास्मानियाने नॉमिनेट केलेला माणूस उद्या ॲडलेडला गेला तर केंद्राची अट मोडली नाही, शब्द मोडला. मेलबर्नला गेला तर दोन्ही मोडलं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हे.

भावाचं सांगतो. ॲडलेडला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने एक निळी प्लास्टिकची फाइल घेतली आणि त्यात भाडेकरार, वीजबिल, बँकेचं पत्र, पगाराची स्लिप, गाडीची नोंदणी, लायब्ररीचं कार्डसुद्धा झेरॉक्स करून ठेवत गेला. आम्ही हसायचो, वहिनी तर म्हणायची की बाकी सगळं हरवतात, फाइल नाही हरवत. पण तिकडच्या इमिग्रेशन डिपार्टमेंटने कुठे राहता कुठे काम करता याचा पुरावा मागितला तर २८ दिवसांत द्यावा लागतो, तशी वेगळी कंडिशन आहे. आणि घर बदललं, फोन, ईमेल, पासपोर्ट, कामाची जागा बदलली, तर १४ दिवसांच्या आत कळवायचं. भावाने तीन घरं बदलली, तिन्ही वेळा त्याच आठवड्यात ऑनलाइन अकाउंटमध्ये टाकलं.

३ वर्षं झाली की १९१, म्हणजे पर्मनंट. त्याला लागतं काय, तर ४९१ हातात घेऊन किमान ३ वर्षं झालेली, अटी पाळलेल्या, आणि ३ आर्थिक वर्षांची टॅक्स असेसमेंटची नोटीस. त्यांचं टॅक्सचं वर्ष १ जुलै ते ३० जून, आपल्यासारखं एप्रिल-मार्च नाही. पूर्वी दरवर्षी ५३,९०० डॉलर उत्पन्न पाहिजे असं सगळीकडे सांगायचे, ती किमान रकमेची अट आता नाही, तरी जुने व्हिडिओ बघून लोक अजून घाबरतात. नोटीस मात्र लागतेच, म्हणजे रोख पगारावर कुठे किचनमध्ये राबलात आणि टॅक्स भरलाच नाही तर ते वर्ष कागदावर नाहीच. आणि ४९१ वर असताना मधेच उडी मारून १८९ (नॉमिनेशनशिवायचा पर्मनंट व्हिसा) किंवा १९० ला अर्ज करायचा म्हणाल तर तोही दरवाजा ३ वर्षं बंद.

तारवट्यांसाठी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांसाठी, एक वेगळी गोष्ट. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर, बायकोने ४९१ काढला, नवरा डिपेंडंट, आणि तो आठ महिने क्रूझवर. अट "ऑस्ट्रेलियात असताना" अशी आहे, म्हणून तो समुद्रावर असला म्हणून रीजनलची अट मोडत नाही. पण सगळी मदार मुख्य अर्जदारावर, टॅक्सच्या नोटिसा तिच्या लागणार, त्यामुळे तीही त्याच्याबरोबर अर्धं वर्ष गोव्यात येऊन बसली तर १९१ च्या वेळी अडचण. चवथीला या, नाही कोण म्हणतंय, पण परत जा.

राज्याशिवाय दुसरा मार्गही आहे ४९१ ला, नातेवाईकाचा. तुमचा भाऊ, बहीण, मामा, काका, मावशी, आत्या, अगदी सख्खा चुलत किंवा मावस भाऊसुद्धा तिथला नागरिक किंवा पर्मनंट असेल आणि स्वतः रीजनल भागात राहत असेल तर तो स्पॉन्सर करू शकतो. इथेही १५ च पॉइंट. राज्याला वचन द्यायचा प्रश्न येत नाही पण ८५७९ लागूच.

कॅनडाचं पटकन. क्यूबेक आणि नुनावुट सोडून बाकीच्या प्रांतांचं आणि टेरिटरींचं आपापलं प्रोव्हिन्शियल नॉमिनी प्रोग्राम असतं, क्यूबेकची निवडच स्वतंत्र चालते. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पॉइंटवर चालणाऱ्या निवडीत, नॉमिनेशन लागलं की ६०० पॉइंट, म्हणजे लॉटरीच. अट एवढीच की त्या प्रांतात राहायचा इरादा खरा पाहिजे, आणि ऑफिसरला शंका आली तर अर्ज नाकारू शकतो. पण पीआर, म्हणजे पर्मनंट, मिळाल्यावर त्यांच्या चार्टरचं (घटनेतल्या हक्कांच्या सनदेचं) सहावं कलम कुठल्याही प्रांतात जाऊन राहायचा आणि कमवायचा हक्क देतं. म्हणून लोक म्हणतात मॅनिटोबातून घ्या आणि टोरंटोला जा. अरे पण विमानातून उतरून सरळ टोरंटोचा पत्ता दिला, प्रांतात एक दिवस राहिला नाही, तर इरादा खरा होता हे सांगणार कसं? खोटी माहिती ठरली तर ५ वर्षं कॅनडा बंद. खरी मोजणी तिथे वेगळी आहे, पीआर टिकवायला कुठल्याही ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात पाहिजेत, कुठल्या प्रांतात ते नाही विचारत. परदेशी बोटीवरचे दिवस यात धरत नाहीत, तारवट्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅनेडियन नागरिक असलेल्या नवऱ्या-बायकोबरोबर बाहेर राहिलात तर मात्र ते दिवस धरतात.

आता कागद, आणि इथे गोव्याची स्वतःची भानगड आहे.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, फी ५०० रुपये. पण नुसता भारताचा पुरत नाही. ऑस्ट्रेलियाला मागच्या १० वर्षांत जिथे एकूण १२ महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो, कॅनडाला जिथे सलग ६ महिने. आमच्याकडे कुवेत, मस्कत, दुबई केलेले किती, आणि तिथून परत आल्यावर तिथला दाखला मागवणं म्हणजे ताप, तेव्हा कायमचं परत यायच्या आधीच काढून आणा.

लग्नाचा दाखला सिव्हिल रजिस्ट्रारचा. देवळात लग्न झालं, फोटो आहेत, हॉलची पावती आहे, त्याला काही अर्थ नाही, आमच्याकडे रजिस्ट्रारसमोर पहिली सही, मग दुसरी सही, तेव्हा लग्न. बाहेरच्या राज्यात लग्न केलंत तर तिथलं नोंदणीपत्र.

डिग्रीचं, ट्रान्सस्क्रिप्टसाठी ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटीत अर्ज करायचा. कॅनडाच्या असेसमेंटला ते सीलबंद किंवा थेट युनिव्हर्सिटीकडून जावं लागतं, तुम्ही घरी पाकीट फोडलंत तर परत पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियाला असेसमेंट धंद्याप्रमाणे वेगवेगळ्या संस्था करतात, नर्सचं एएनएमएसी, आयटीचं एसीएस, इंजिनियरचं इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया. आधी असेसमेंट, मग एक्सप्रेशन ऑफ इंटरेस्ट (मला यायचंय अशी ऑनलाइन नोंद), मग राज्याचं नॉमिनेशन, मग आमंत्रण, आणि आमंत्रणानंतर ६० दिवस. हे ६० दिवस कागद गोळा करायला नाहीत, कागद लावायला आहेत.

आणि नावांचं स्पेलिंग. जुन्या दाखल्यात गांवकार पोर्तुगीज धाटणीने सी अक्षर घालून, शाळेत के घालून गावकर, पासपोर्टात तिसरंच. एकाच माणसाची तीन आडनावं बघून तिथला ऑफिसर प्रश्न विचारणारच. छोटा फरक असेल तर ॲफिडेव्हिट करून ठेवा, मोठा असेल तर दाखलाच दुरुस्त करा, वेळ जातो पण एकदाच जातो.

ग्रँट लेटर आलं की दुसरं काही करायच्या आधी कंडिशनचे नंबर वाचायचे. एका एजंटाने माझ्या समोर एकाला सांगितलं होतं की १९० आणि ४९१ सेमच, फक्त नंबर वेगळा. त्या माणसाने मेलबर्नला भाड्याचं घर बघून ॲडव्हान्सपण दिला होता, लेटर उघडलं तर ८५७९. ॲडव्हान्स गेला. ऑस्ट्रेलियासाठी एजंट तिकडच्या रजिस्टरमध्ये आहे का ते नंबर घालून ऑनलाइन बघता येतं, कॅनडासाठीही तसंच, दोन मिनिटांचं काम.

भाचीचं म्हणाल तर तिला आता कळलंय की तिचा ४९१ आहे. मेलबर्नची मैत्रीण सुट्टीत भेटणार. सध्या तिची फाइल तिच्या बाबांच्या आडनावातल्या एका सी आणि के वर थांबलीय, सोमवारी आम्ही दोघं सकाळी नऊला सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाणार आहोत.